नानांची जीप आणि काकूचा क्लच

आमची कळसाडी इतकी सपाट की इथे उतार शोधून सापडत नाही. दोधूनानांनी तो ट्रॉलीने आणला. मुरूम ओतून, चोपून त्यांनी घराच्या ओट्यासमोर एक उतार केला आणि आपली जीप गल्लीकडे तोंड करून त्यावर उभी केली. चावी फिरवली की चालू व्हावं, असली सवय त्या गाडीला कधी नव्हतीच.

नाना आमचे शेजारी. घरची ऊस-कापसाची शेती. सरकारी लिलावातून त्यांनी ही डिझेलची जीप आणली तेव्हा मी शाळेत होतो. आज मी निवृत्त मास्तर आहे, पण गल्लीत माझी खरी ओळख गाडी ढकलणारा हीच. सकाळी शाळेला निघावं, अंगावर धुतलेला शर्ट, आणि ओट्यावरून हाक यावी, "ये रे भो, जरासा हात लाव!" कसलं जरासं! शर्टाची वाट लागायची, घाम निघायचा आणि वर तोंडावर काळा धूर. भयंकर राग यायचा मला त्या गाडीचा. आता सकाळी ती हाक येत नाही, तर चुकल्याचुकल्यासारखं होतं.

उतारावर असूनही तिला पहिला रेटा लागायचा, आणि नानांचा दुसऱ्या कोणाच्या रेट्यावर भरवसा नव्हता. आम्ही आजूबाजूला, बरोबर मध्ये, मागे लटकवलेल्या जादा टायरला खांदा लावून, स्वतः नाना. मग स्टिअरिंगवर कोण? तर त्यांची बायको, सुंदरबाई काकू. डोक्यावरचा पदर दातांत धरून ती ड्रायव्हरच्या जागेवर बसायची, डावा पाय क्लचवर. तिला गाडी चालवता येत नव्हती, आजही येत नाही. तिला एवढंच ठाऊक, की नाना मागून "सोड!" म्हणून ओरडले की क्लचवरचा पाय सोडायचा आणि इंजिनाने धरलं की लगेच पुन्हा दाबायचा. वेग पुरेसा झाला की नाही, हे नाना कानाने ओळखायचे. मग ते धावत येऊन आत उडी मारायचे, काकू पलीकडच्या जागेवर सरकायची, आणि दोघं शहाद्याच्या बाजाराला चालते व्हायचे. बायको गाडीत आणि नवरा मागे ढकलतोय, म्हणून गाव हसायचं. नानांना त्याचं काही नसायचं.

थंडीत तर त्या गाडीचे नखरे विचारू नका. काकूने बोनेटच्या मापाची गोधडी शिवली होती. रात्री ती गाडीवर टाकायची, पहाटे चुलीवर तपेलंभर पाणी तापवून रेडिएटरमध्ये ओतायचं. सारंगखेड्याच्या यात्रेला निघायचं म्हणजे आधी गाडीची आंघोळ, मग माणसांची. "पोरेस्ना इतला लाड नई करा मी," असं काकू म्हणायची, पण पाणी तापवायला तीच उठायची.

त्यांचा मुलगा नवनीत नंदुरबारला नोकरीला. त्याने बटण दाबून चालू होणारी नवी गाडी घेतली. मागच्या दिवाळीत तिची बॅटरी बसली. आम्ही सगळी जुनी मंडळी बाह्या वर सारून हजर. नवनीत म्हणाला, "काका, हिला ढकलून काही होत नाही. कंपनीचा माणूस येईल." आम्ही बाह्या खाली केल्या आणि चहा पिऊन घरी आलो. इतकं निकामी मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

यंदा नवनीतला नव्या गाडीसाठी शेड बांधायची होती. उतार काढायचा आणि जीप भंगारवाल्याला द्यायची, असं त्याने ठरवलं. नाना दोन दिवस जेवले नाहीत. मग म्हणाले, "देसु. पन टोचन लाईसन नई. सोताना पायवर जाई ती." दुसऱ्या गाडीने दोर बांधून ओढत नेलेली त्यांना चालणार नव्हती.

नवनीतही बापाचाच. "चालू झाली तर चालवत नेऊ. नाही झाली तर राहू द्या इथेच!" असं तो बोलून गेला. अर्थात त्याने शहाद्याचा मेस्त्री आधीच आणला होता. मेस्त्रीने तेल बदललं, पंप साफ केला, स्वतः एकदा ढकलून चालू करून दाखवली आणि म्हणाला, "क्लच सोडला की धरणार."

ठरल्या सकाळी उसावर धुकं होतं. भंगारवाला चालवत न्यायला ड्रायव्हर घेऊन आला होता. काकूने नेहमीसारखं गरम पाणी ओतलं. गुडघे गेलेत तिचे, आम्ही धरून तिला जागेवर बसवलं. तिने पदर दातांत धरला. मागे मी, गल्लीतले चारपाच जण, आणि मध्ये ऐंशीच्या घरातले नाना, खांदा टायरला.

गाडी उतारावरून सुटली. मारुतीच्या पाराजवळ तिला चांगला वेग आला. हीच वेळ, हे आता मलासुद्धा कळतं. मी नानांकडे पाहिलं. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. गाडी दूध डेअरी ओलांडून गेली. आम्ही धापा टाकत ढकलतोय, काकू आत ताठ बसलेली. शाळेपाशी गाडी हळू झाली आणि थांबली.

नवनीत धावत आला. "माय, क्लच का नई सोडा?"

काकू म्हणाली, "यास्नी 'सोड' म्हनं का?"

सगळे नानांकडे बघू लागले. त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. "घसा बसी गया मन्हा," ते म्हणाले. आवाज अगदी खणखणीत होता.

 नवनीतने भंगारवाल्याला हात जोडले आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

गाडी परत न्यायची म्हणजे बोनेटकडून ढकलायची. नाना सवयीने मागे निघाले, तर नवनीतने त्यांना दंडाला धरून काकूच्या शेजारी बसवलं. इतकी वर्षं ती गाडी ढकलली, पण नानांना ढकलताना आत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. समोरच्या काचेतून दोघं आमच्याकडे बघत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, धूर नव्हता तरी.

उतार चढून गाडी जागेवर आली. आम्ही चाकांखाली दगड लावले. काकूचा पाय मात्र क्लचवरच होता. नाना तिच्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "सोड आते."