पुंडलिकनगरचा रस्ता ओलांडताना

बाळांनो, रविवारी तुमचे बाबा व्हिडिओ कॉलवर म्हणाले, "आई, आता एकटीनं रस्त्यावर जायचं नाही. नाहीतर सरळ इकडे निघून ये." तुम्ही दोघं मागे उभे राहून माना हलवत होता. रागात मला तेव्हा नीट वाक्यं सुचली नाहीत. आज चार दिवस झाले. राग तेवढाच आहे, पण वाक्यं सुचताहेत, म्हणून लिहिते.

सात वर्षं मी परदेशात तुमच्याकडे राहिले, तुम्हाला रोज शाळेत सोडलं. तिथे मी रस्त्याच्या कडेला नुसती उभी राहिले तरी गाड्या थांबायच्या. मला त्यात विशेष काही वाटायचं नाही. लहानपणी आपल्या गावच्या छावणीतल्या, म्हणजे लष्करी भागातल्या, इंग्रजी शाळेत आम्हाला हेच शिकवलं होतं, पट्ट्यांवरून चाला, गाडीवाला थांबेल.

परत आले आणि आपल्याच गावात परकी झाले. आपल्या घरासमोरचा रस्ता ओलांडला की भाजीवाले बसतात. चौकात पांढरे पट्टे आहेत, अर्धे पुसलेले. पहिल्या दिवशी त्यांच्यावर पिशवी घेऊन उभी राहिले, तर थांबल्या त्या फक्त रिक्षा.

"किधर जाना, अम्मा?"

"बस, उस तरफ."

"उस तरफ के वास्ते रिक्शा?" रिक्षातल्या बायकाही हसल्या.

वीस मिनिटांनी भाजी न घेता घरी आले आणि दार आपटलं. मी दारं आपटणाऱ्यातली नाही, तुमच्या आईला विचारा.

असे चार-पाच दिवस गेले. पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर शेळ्या चारायला नेणारी एक धनगर बाई मला रोज पाहायची. एकदा म्हणाली, "आजी, कोणाची वाट बघता?"

"गाड्या थांबायची."

"त्या नाय थांबत. चला माझ्यासंगं. पळायचं नाय, मधीच थांबायचं नाय. हात आडवा धरायचा अन् एका चालीनं जायचं. तुम्ही थबकलात की गाडीवाल्याचा अंदाज चुकतो." मग माझी पिशवी बघून म्हणाली, "पिशवी वर धरा. ती काळी लई खादाड हाय."

ती पुढे, शेळ्या मध्ये, शेवटी मी. इंग्रजीत एम.ए. झालेली बाई रस्ता ओलांडायला शेळ्यांच्या मागून गेली. पलीकडे पोचल्यावर ती म्हणाली, "जमलं की!" मला आभार मानायलाही सुचलं नाही, इतकी मी चिडले होते. तिच्यावर नाही. ज्यांना शेळी दिसते आणि माणूस दिसत नाही, त्यांच्यावर.

तरी शिकले. महिन्याभरात शेळ्यांवाचून जमायला लागलं. लोक म्हणतात सवय झाली की त्रास होत नाही. मला सवय झाली आणि त्रासही होतो.

गेल्या आठवड्यात भाजी घेऊन परतताना पडले ते असं. मी उजवीकडे पाहिलं, कारण वाहनं तिकडूनच यायला हवीत, आणि पाऊल टाकलं. डावीकडून, उलट्या बाजूने, एक मोटरसायकल आली. माझ्या पिशवीला धक्का लागला, मी गुडघ्यावर आपटले.

"अहो आजी, दोन्हीकडं बघून चालावं ना!"

"तुम्ही उलट्या बाजूने आलात."

"मग काय पुढच्या चौकापर्यंत वळसा घालू?"

मागे बसलेल्या बायकोने "लागलं का हो?" विचारलं आणि मी उत्तर द्यायच्या आत त्याला म्हणाली, "चला, उशीर होतोय." ते गेले. माझे टोमॅटो मागच्या गाड्यांनी चिरडले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, मी गुडघा धुवायच्या आत, तुमच्या बाबांना फोन केला. चूक माझी, असं सगळ्यांचं मत पडलं. मला ते मान्य नाही. दोन्हीकडे मात्र आता बघते.

बाबांची काळजी मला कळते. पण एक गोष्ट त्यांना आठवत नाही. तुमच्याकडे शाळा जवळ होती, दुकानं नव्हती. कोथिंबिरीची जुडी आणायलासुद्धा कुणीतरी मला गाडीतून न्यायला हवं असायचं, आणि ते कुणीतरी कधी मोकळं आहे याची मी शनिवारपर्यंत वाट बघायची. ती सात वर्षं मी तुमच्यासाठी आनंदाने काढली. पुन्हा काढणार नाही.

तेव्हा बाबांना सांगा, मी येत नाही आणि घरातही बसत नाही. गुडघ्याची खपली निघाली आहे. मी अजून रोज सकाळी एकटी रस्ता ओलांडते आणि माझी भाजी मीच आणते.