पायचं राखून

प्रकाश गेला त्या सकाळी मी ट्रॉय या अमेरिकन शहरातल्या घरी रेसचा डेटा तपासत होतो. त्याच्या बायकोचा, वैशालीचा फोन आला. "गेला," एवढंच ती म्हणाली. मी लॅपटॉप मिटला.

प्रकाश नागपूरचा. आठवडाभर कार कंपनीत इंजिनं ट्यून करायचा आणि शनिवारी स्वतःची टर्बो गाडी ड्रॅग रेसला न्यायचा. दोन गाड्या, सरळ रस्ता, आधी पोचेल तो जिंकला. पण आमच्या क्लासमध्ये, म्हणजे गटात, इंजिनाची ताकद वाढवायला कुणाला टर्बो, कुणाला सुपरचार्जर, कुणाला नायट्रसची बाटली. इंजिन आणि ही जोड मिळून होतं ते कॉम्बिनेशन. एखादं कॉम्बिनेशन फार पुढे जायला लागलं की त्या गाड्यांमध्ये जादा वजन बसवायला लावतात. कोण किती पुढे आहे हे रूल्स ठरवणाऱ्या कमिटीला काढून देणं माझं काम.

काही वर्षांपूर्वी एका सीझनला सगळ्यांच्या वेळा जवळपास सारख्या होत्या. कमिटीचा प्रमुख डेल खूश होता.

"सगळे बरोबरीत. रूल्स बदलायचे नाहीत, राइट?"

"वेळ बघू नकोस, स्पीड बघ," मी म्हणालो.

शेवटच्या रेषेवर वेळ मोजतात आणि वेगही. टर्बोंचा वेग त्यांच्या वेळेच्या मानाने कमी भरत होता. म्हणजे रेषेच्या थोडं अलीकडे ते गॅसवरून पाय काढत होते, वजन लागू नये म्हणून.

डेल म्हणाला, "संशयावर मी वजन लावत नाही. एकाने तरी पूर्ण पळवलेली दाखव."

मी प्रकाशच्या गॅरेजमध्ये गेलो.

"हातचं राखून पळवतोस?"

"हातचं नाही रे, पायचं." तो हसला. मी हसलो नाही, तेव्हा त्याने पाना खाली ठेवला. "सगळे टर्बोवाले करतात. यंदा पहिल्यांदा फायनलला पोचेन, यार. वजन लागलं की संपलं."

"आणि सुपरचार्जरवाले? आपण कशाने हरतो, हे त्यांना कळायला नको?"

"तू पुस्तकं कमी वाच," तो म्हणाला आणि परत बॉनेटखाली वाकला.

शनिवारी क्वालिफाइंग होतं, म्हणजे रेसआधीची चाचणी. प्रकाशने रेषा ओलांडेपर्यंत पाय काढला नाही. बोर्डावर आकडा आला, सगळ्यांत वेगवान. बाकीचे टर्बोवाले बोर्डाकडे बघत राहिले, मग त्याच्याकडे. डेलने माझ्याकडे पाहून मान हलवली.

सगळ्या टर्बोंना वजन लागलं. पुढच्या रेसला प्रकाश पहिल्याच फेरीत सुपरचार्जरकडून हरला. हेल्मेट काढत म्हणाला, "आपल्याकडे ज्याचं वजन असतं तो जिंकतो. इथे जिंकतो त्याच्यावर वजन टाकतात. हेच बरं."

फायनलला तो कधीच पोचला नाही. टर्बोवाले बरेच दिवस त्याच्याशी बोलले नाहीत.

आकड्यांवरून मला फक्त संशय घेता येतो. खरं काय ते गाडी चालवणाऱ्याने सांगावं लागतं, आणि त्यात नुकसान त्याचंच असतं.

वैशालीने गाडी विकली. घेणारा तिच्यात वेगळं कॉम्बिनेशन बसवणार आहे, त्याला ते वजन नको होतं. वजनाच्या त्या शिशाच्या लाद्या आता माझ्या गॅरेजमध्ये आहेत.