मेहुणा गप्प होता ते दिवस

आमच्या मेहुण्याइतका जागेवर नसलेला माणूस सबंध कोल्हापुरात दुसरा सापडणार नाही. मी हिशेबी गृहस्थ आहे, पुराव्याशिवाय बोलत नाही. पण या बाबतीत पुरावे मोजायचे मी केव्हाच सोडून दिले. हा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. शिवाजी पेठेत राहतो, म्हशी पाळतो आणि रोज संध्याकाळी सुंदरी नावाची आपली लांब शिंगांची पंढरपुरी म्हैस दुधाच्या कट्ट्यावर आणून गिऱ्हाइकांसमोर धार काढतो. फेसाळ पेला तिथंच उभ्या उभ्या प्यायचा. धार काढताना याचं तोंड अखंड चालू. तालमीच्या फुटबॉलवरून तो कळंब्याच्या तळ्यावर जायचा, तळ्यावरून कुणाच्या तरी लग्नात, आणि एकही गोष्ट शेवटाला न्यायचा नाही. सुंदरीला हीच बडबड लागे. त्याचा आवाज कानावर पडला की तिनं पान्हा सोडलाच. सर्दीनं त्याचा घसा बसला की त्या दिवशी गिऱ्हाईक कोरडं परत.

आमच्याकडे चहाला आला की कप हातात घेऊनच शेजाऱ्यांकडे निघून जायचा. आमचे कप शेजारी आणि शेजाऱ्यांच्या चपला आमच्या दारात, अशी आमच्या गल्लीची व्यवस्था होती. रस्त्यात मला "दाजी, थांबा, महत्त्वाचं सांगायचं हाय" म्हणून उभं करायचा आणि स्वतःच पुढं निघून जायचा. आम्ही हसायचो. मग एका रविवारी तो आपल्या लहान मुलीला पन्हाळ्याला घेऊन गेला आणि एकटाच परत आला. दारात त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, विचारलं, "पोरगी कुठं हाय?" त्यानं मोटारसायकलच्या मागच्या सीटकडं बघितलं आणि म्हणाला, "हितंच हुती की."

मुलगी तटबंदीजवळ कणसं भाजणाऱ्या एका बाईपाशी सुखरूप सापडली. पण त्या दिवसापासून वहिनींनी तिला बापाबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा पाठवलं नाही. मेहुण्याच्या मनाला आजवर काही चिकटलं नव्हतं, हे चिकटलं.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी सांगितलं, एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न ठरण्याचा विकार आहे, लहानपणापासूनचा. नेहमीच्या गोळ्यांनी त्याची छाती धडधडायला लागली, म्हणून त्या बंद झाल्या. मग कुणीतरी त्याच्या कानात केटामाइनचं नाव घातलं. मूळचं हे भुलीचं औषध. इथं ते कमी मात्रेत शिरेतून देतात. सोबत घरचं माणूस लागतं, म्हणून मी गेलो. डॉक्टरबाईंना मी आकडे विचारले. त्या सरळ बोलल्या, "नैराश्यासाठी याचा बराच अभ्यास झालाय. एडीएचडीसाठी भरवशाचा आकडा माझ्याकडे नाही. गुण आला तरी टिकेलच असं नाही."

मी मेहुण्याकडे वळून म्हटलं, "ऐकलंस ना? आकडा नाही."

"आकडा न्हाय, पर पोरगी हाय की, दाजी."

सुई लागली आणि तो वाक्याच्या मध्येच थांबला. डोळे अर्धे उघडे होते, पण त्यांतून कुणी बघत नव्हतं. त्याच्या शेजारी बसून मला भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येण्याची ती पहिलीच वेळ. भानावर आल्यावर तो हळूच म्हणाला, "मी वर पंख्यापाशी हुतो. खाली मीच झोपलेलो. गप. मी मला गप कधी बघितलंच न्हवतं." निघताना त्यानं खोलीचं दार जरा जास्तच वेळ धरून ठेवलं. मी म्हटलं, "आता कोण राहिलंय?" तो म्हणाला, "येऊ द्या की त्याला." डॉक्टरबाई म्हणाल्या, औषधाचा अंमल आहे, उतरेल.

आणखी काही वेळा सुई घेतल्यावर त्यांच्या घरात एक नवाच माणूस वावरू लागला. कप बशीत ठेवणारा, वाक्य पुरं करणारा. ते बघून वहिनींनी आपणहून मुलगी त्याच्या स्वाधीन केली, आणि तो तिला शाळेतून वेळेवर आणू लागला. मी समाधानानं मान डोलावली. बायको मात्र माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, "अवो, माझा भाऊ असा बसत न्हाय. ह्यो कोण बसलाय?"

सुंदरीलाही तोच प्रश्न पडला असावा. मेहुणा मुकाट कासेशी बसला, तरी ती त्याला हुंगेना. मान वळवून ती पलीकडच्या भिंतीजवळच्या रिकाम्या जागेकडे टक लावून राहिली. कान तिकडे टवकारलेले, जणू तिथं उभं राहून कुणी बोलत होतं. धार नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, आणि पुढंही. रोजचा एक पैलवान रिकामा पेला हलवत म्हणाला, "मालक, म्हशीला काय दिसतंय ते आमालाबी दाखवा की!" सगळे हसले. मला हसू आलं नाही, कारण मेहुणाही त्याच जागेकडे बघत होता.

आठवडे गेले तसा औषधाचा गुण ओसरत गेला. एका संध्याकाळी कासेला हात लावता लावता तो म्हणाला, "काल तालमीपाशी गंमत झाली. म्हंजे काल न्हवं, त्या बेंदराच्या सणाला..." सुंदरीची मान भिंतीकडून गर्रकन त्याच्याकडे वळली. चरवीत धार वाजू लागली. लोकांनी टाळ्या पिटल्या. मेहुण्याचा हात मात्र थांबला. कडेला वहिनींचं बोट धरून मुलगी उभी होती, तिच्याकडे त्यानं बघितलं.

"आला परत त्यो," तो वहिनींना म्हणाला. "आता पोरीला माझ्यासंगं सोडू नगंस."

 मुलगी बोट सोडवून पुढं गेली, त्याच्या सदऱ्याचं टोक धरून म्हणाली, "पप्पा, बेंदराला काय झालं?"

वहिनींनी डोळ्यांना पदर लावला. "एकटीला न्हाय सोडत," त्या म्हणाल्या. "मी येती की मागं बसून."

आता शाळेला तिघं मिळून जातात. त्यानं पुन्हा सुई घेतली नाही.

झालं ते बरंच झालं. पण त्या गप्प दिवसांतली एक भेट माझ्या मनातून जात नाही. मी सहज त्याच्याकडे डोकावलो होतो. त्यानं विचारलं, "दाजी, कसं हायसा?" मी सवयीनं बरंय म्हटलं. तो वाट बघत राहिला. मग मीच बोलू लागलो. पाठीच्या दुखण्याचं, परगावी गेलेल्या मुलाचं, जेवताना हल्ली ऐकू येणाऱ्या घरातल्या शांततेचं. त्यानं मध्ये एक शब्द टाकला नाही. माझं सगळं बोलून होईपर्यंत असं समोर आजवर कुणी बसलं नव्हतं. मेहुणा आमचा आम्हाला परत मिळाला. त्या दुसऱ्या माणसाला मात्र निरोप द्यायचा राहून गेला.