लिफ्टवाल्याची दुसरी व्हॅन

"देश फिरलीस की नाही मग?" असं धाकटीला कोणी विचारलं, की ती म्हणते, "फिरले की. कडेकडेने." विचारणाऱ्याला वाटतं, बाई विनयाने बोलतेय. विनय कसला डोंबलाचा! सात वर्षांत तिने जे काही पाहिलं, ते रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या कॅम्पर व्हॅनच्या पुढच्या सीटवरून पाहिलं. मैलाचे दगड, गटारं, कुंपणाच्या तारा, आणि गाडीखालून बाहेर आलेले नवऱ्याचे दोन पाय.

वय त्रेसष्ट, पण नाव धाकटीच. थोरली बहीण, म्हणजे ताई, आहे तोवर ते बदलायचं काही कारण नाही. धाकटी पडदे शिवते. पडद्यांच्या दुकानात गिऱ्हाईक पुढच्या बाजूला कापडावर हात फिरवतं, घासाघीस करतं, आणि मागच्या अंधाऱ्या खोलीत धाकटी मशीनवर बसलेली असते. तिचा एकच हट्ट, खिडकीचं माप आपण स्वतः जाऊन घ्यायचं. तोंडी सांगितलेल्या मापावर कात्री चालवली की पडदा आखूड पडलाच म्हणून समजा. दुकानात हा हट्ट तिने कधी सोडला नाही. घरी मात्र नवऱ्याने तोंडी सांगितलेल्या मापावर आख्खा संसार बेतला.

नवरा लिफ्टवाला. लिफ्ट चालवणारा नव्हे, दुरुस्त करणारा. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकायची, आतली माणसं घामाघूम व्हायची, आणि मग हा येऊन दारावर थाप मारायचा, "घाबरू नका, मी आलोय." दार उघडलं की ती माणसं त्याच्याकडे ज्या नजरेने बघत, त्या नजरेचं वर्णन घरी रोज जेवताना व्हायचं. एकदा एक डॉक्टर त्याच्या गळ्यात पडून रडला होता. तो डॉक्टर धाकटीने इतक्यांदा ऐकला होता, की रस्त्यात भेटला असता तर तिने त्याला ओळखलं असतं. लिफ्टवाला निवृत्त झाला आणि त्याच्यासाठी कोणी अडकेनासं झालं. काही महिने त्याने घरातले धडधाकट नळ सोडून परत बसवले. मग एके दिवशी एक जुनी व्हॅन घेऊन दारात उभा राहिला.

व्हॅनच्या आत घर होतं. बाक उलगडला की पलंग व्हायचा, शेगडी होती, हात धुण्यापुरतं बेसिन होतं, आणि सहा खिडक्या होत्या, सहाही वेगवेगळ्या आकाराच्या. धाकटीने कागदाचे साचे कापून सहा पडदे शिवले. गिऱ्हाइकालाही कधी लावलं नसेल असं अस्तर लावलं. या गाडीतून ती ताईकडे जाणार होती.

ताई राहायची वर, तळ्याकाठच्या गावात, व्हॅनने दीड दिवसाच्या वाटेवर. ताईचं सासर बडं. धाकटीच्या दारात सायकल आली, त्याआधी ताईच्या दारात मोटार आली होती. ताईने कधी टेंभा मिरवला नाही, पण न मिरवलेला टेंभा जास्त टोचतो. धाकटीने ऐटीत फोन केला, "आता येईन ती माझं घर घेऊनच येईन. तुझी गादी नको नि तुझा चहा नको."

"ये तर आधी," ताई हसून म्हणाली. "अंगणात जागा करून ठेवते."

जागा ताईने खरंच केली. कुंड्या हलवल्या, एक झाड छाटून घेतलं. ती जागा सात वर्षं तशीच राहिली.

पहिल्या खेपेला रेडिएटर फुटला. दुसऱ्या खेपेला क्लच गेला. तिसऱ्या खेपेला डिझेलचा पंप. दुखणं हत्तीच्या पायाने येतं आणि मुंगीच्या पायाने जातं म्हणतात. या गाडीचं दुखणं हत्तीच्या पायाने यायचं आणि मुक्कामालाच राहायचं. दर वेळी लिफ्टवाला उतरायचा, बाह्या सारायचा आणि खिडकीत तोंड घालून सांगायचा, "घाबरू नको, मी आहे." ती घाबरलेली नसायची, कंटाळलेली असायची. पण तसं म्हणायची सोय नव्हती. दिवस कलता कलता तो काळ्या तोंडाने आणि उजळलेल्या डोळ्यांनी बाहेर यायचा. गाडी चालू व्हायची. "पण आता पुढे जाण्यात शहाणपण नाही," तो म्हणायचा, "घरी नेऊन नीट बघू." की आली गाडी परत, ये रे माझ्या मागल्या.

एकदा धाकटी म्हणाली, मी बसने जाऊन येते. बस रोज दुपारी सुटते आणि सकाळी तळ्याकाठी पोचते, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. लिफ्टवाल्याने पानावरून हात उचलला. "म्हणजे माझ्या हातावर तुझा भरवसा नाही." आणि मग चार दिवस त्या घरात भांड्यांशिवाय कोणी बोललं नाही. धाकटीने बसचा विषय सोडला.

पण सगळं खापर त्याच्या माथी फोडायला नको. हातात पिशवी धरून ताईच्या दारात बसमधून उतरायचं तिच्याही जिवावर आलं होतं. तिला हॉर्न वाजवून जायचं होतं. आपले पडदे ताईला दाखवायचे होते. तेवढ्यासाठी तीही पुढच्या सीटवर बसून राहिली, आणि हे आठवलं की तिचा स्वतःवरच जास्त संताप होतो.

मधल्या काळात ताई विसरायला लागली. आधी चष्मा, मग चुलीवरचं दूध, मग शेजाऱ्यांची नावं. भाची, म्हणजे ताईची मुलगी, फोनवर म्हणाली, "मावशी, काय यायचं ते लवकर ये गं. तुझं नाव अजून आहे तिच्या तोंडात."

चौथ्या खेपेला ते निघाले आणि या वेळी बरेच पुढे गेले. तळ्याचा घाट सुरू झाला, हवा गार लागायला लागली, आणि दुसऱ्याच वळणावर गिअरबॉक्सने जीव सोडला. ताईचं घर तिथून दोन तासांवर. भाचीचा फोन आला, "मी मोटार घेऊन येते, मावशीला घेऊन जाते. काका गाडीपाशी थांबू देत."

लिफ्टवाल्याने फोन धाकटीच्या हातातून घेतला. "काही गरज नाही. आत्ता चालू करतो."

तो गाडीखाली शिरला. सूर्य घाटामागे गेला, पाय तसेच बाहेर. रात्र तिथेच काढली आणि दुसऱ्या दिवशी टोचन लावून गाडी उलटी घराकडे निघाली. ओढणाऱ्या ट्रकच्या मागे, बंद गाडीत, धाकटी आपल्या पडद्यांमध्ये बसून रडली. लिफ्टवाल्याने तिचा हात थोपटला. त्याला वाटलं, गाडीसाठी रडतेय.

ताई त्या दिवशी उशिरापर्यंत दारात बसली होती, असं भाचीने नंतर सांगितलं. पुढच्या आठवड्यात धाकटीने फोन केला, तेव्हा पलीकडून ताईने अगदी सौजन्याने विचारलं, "आपण कोण बोलताय?"

त्यानंतर दुसरी व्हॅन घ्यायची की नाही, हा प्रश्न घरात निघाला. म्हणजे लिफ्टवाल्याने काढला. जुनी भंगारात गेली होती. भाची म्हणत होती, सकाळच्या वेळी ताईला अजून थोडं उमजतं, पण हे किती दिवस टिकेल सांगता येत नाही. लिफ्टवाला म्हणाला, "दुसरी घेऊ आणि तडक ताईंकडे जाऊ. या वेळी अशी घेऊ की बिघडायची बातच नको." भरवशाच्या म्हशीला टोणगा झाला तरी माणूस पुन्हा म्हशीच्याच बाजाराला जातो. धाकटी त्याच्याबरोबर गेली, कारण तडक हा शब्द तिला खरा वाटला.

गाड्यांचं आवार शहराबाहेर होतं. सेल्समन तरुण होता आणि गोड बोलायचा, पण खोटं बोलत नव्हता. त्याने एक पांढरी व्हॅन उघडली. फारशी न वापरलेली, पाच वर्षांची हमी, वाटेत काही झालंच तर कंपनीचा माणूस धावत येणार. धाकटी आत जाऊन बसली. नळ सोडला, पाणी आलं. शेगडी एका बोटात लागली. खिडक्या चार, सगळ्या एका मापाच्या. तिने मनातल्या मनात कापड निवडलं सुद्धा. किती वर्षांनी तिला स्वतःसाठी काहीतरी हवंसं वाटलं, आणि त्याची लाज वाटली नाही.

बाहेर लिफ्टवाल्याने बॉनेट उघडलं होतं. आत सगळीकडे काळं झाकण. तो त्यावर हात फिरवत होता, फट शोधत होता.

"इथे काही करावं नाही लागत काका," सेल्समन अभिमानाने म्हणाला. "उघडायचंच नाही. तुम्ही नुसती चालवायची."

लिफ्टवाल्याने बॉनेट हळूच खाली टेकवलं. मग मागे हात बांधून तो आवाराच्या कोपऱ्याकडे चालू लागला. तिथे गवतात एक जुनी व्हॅन उभी होती. भंगारात गेलेल्या गाडीचीच कंपनी, तोच नमुना, बॉनेट उघडं, एक दिवा फुटलेला. तो तिच्यावर वाकला आणि तिथून हाक आली, "अगं, इकडे ये. हिच्याकडे बघ जरा."

धाकटी गेली. त्याचा चेहरा उजळला होता. हाताला काळं लागलंसुद्धा होतं.

"ही?" ती म्हणाली. "अहो, ती पांढरी काय वाईट आहे?"

"ती गाडी आहे का? फ्रीज आहे नुसता. वाटेत काही झालं तर हात कुठे घालायचा?"

"आणि काही झालंच नाही तर?"

लिफ्टवाल्याला प्रश्नच कळला नाही. त्याने आतला एक नट बोटाने फिरवून पाहिला.

धाकटीला मात्र उत्तर तिथल्या तिथे मिळालं. सात वर्षं ती म्हणत होती, आपलं नशीब फुटकं. नशिबाचा काय संबंध? या माणसाला कुठे जायचंच नव्हतं. त्याला दार उघडायचं होतं, आणि त्यासाठी आत कोणीतरी अडकलेलं हवं होतं. चाळीस वर्षं गावभरची माणसं अडकली, मग ती संपली आणि उरली ती बायको. त्याने हे मुद्दाम केलं नव्हतं. त्याला सांगितलं असतं तर तो रडला असता. माणूस लबाड असता तर धाकटीने त्याला फाडून खाल्लं असतं. चांगल्या माणसाचं काय करायचं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"मग घेऊ ना ही?" त्याने विचारलं.

"घ्या," धाकटी म्हणाली. "फक्त माझी सीट काढून टाका. पाने-पकडी ठेवायला जागा होईल."

तो मनापासून हसला. "आमच्या हिला थट्टेची फार हौस," त्याने सेल्समनला सांगितलं, आणि पुन्हा आत वाकला.

धाकटी आवाराच्या फाटकातून बाहेर पडली. अंगावरची साधी साडी, हातात पर्स, बस्स. बस स्टँडवर तिला खिडकीची जागा मिळाली. रात्रभर बस चालत राहिली. घाटाचं दुसरं वळण अंधारात कधी मागे पडलं ते तिला कळलंही नाही. बस एकदाही बंद पडली नाही, कोणी खाली वाकलं नाही, कोणी धीर दिला नाही. इतकं सोपं होतं, याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. फोन दोनदा वाजला. मी येतेय, एवढं तिने भाचीला कळवलं आणि तो पर्समध्ये टाकून दिला.

सकाळी भाचीने दार उघडलं आणि मावशीला मिठी मारली. ताई अंगणातल्या बाकावर उन्हात बसली होती, रिकाम्या जागेकडे तोंड करून. केस नीट विंचरलेले. धाकटी समोर जाऊन उभी राहिली.

"ताई."

ताईने वर पाहिलं, आणि पाहुण्यांसाठी ठेवलेलं हसू हसली. "या, बसा ना. लांबून आलात?"

जन्मात ताईने तिला अहो-जाहो केलं नव्हतं. धाकटी बसली. ती खरं तेच बोलली. "बसने आले. रात्रभराचा प्रवास."

"घाटातूनच आला असाल मग." ताईने तिचा हात धरला. "तिथे एखादी गाडी बंद पडलेली दिसली का हो? घरासारखी असते आतून. पडदे आहेत तिला."

भाचीने तोंड फिरवलं.

"दिसली," धाकटी म्हणाली.

"आत बाई होती?"

"होती. बसली होती."

"अजून बसलीय?" ताईच्या कपाळावर आठी पडली. तिने रस्त्याकडे पाहिलं, मग धाकटीकडे, आणि वैतागून म्हणाली, "उतरून यायचं की मग. पाय नव्हते का तिला?"