दानियलला दिलेली माफी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. देवाला सांगितलं म्हणावं, तर तिथंही मी बराच मोघम असतो — ‘माझ्या साऱ्या चुका’ म्हणतो आणि पुढं सरकतो. साऱ्या म्हटलं की एकीचंही नाव घ्यावं लागत नाही.

तुम्ही मला ओळखत असता तर म्हणाला असता, मास्तर सरळ माणूस. देखाव्याची मला चीड आहे. गोंदियाहून प्रचारक येतात, मांडव पडतो, भोंगे लागतात, माणसं माइकसमोर रडतात — आणि मी मागच्या बाकावर बसून मनातल्या मनात गुण देत असतो. शाळेतली सवय. रडण्याला दहापैकी चार.

आणि तरी आमच्या चर्चच्या मंडळीतला आजवरचा सगळ्यात मोठा देखावा कुणी केला असेल, तर तो मीच.

दानियलचं आणि माझं शेत लागून. माझी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, वर; त्याची खाली; मध्ये पाणी अडवणारा मातीचा एक धुरा. धानाच्या रोवणीचे दिवस होते, पावसानं दडी मारलेली, इटियाडोहाच्या कालव्याचं पाणी पाळीनं मिळत होतं. संध्याकाळी माझी बांधी भरलेली पाहून मी घरी गेलो. सकाळी येऊन बघतो तर माझ्या बांधीत नुसता चिखल, आणि दानियलची काठोकाठ. आणखी काय पुरावा हवा होता?

“दानियल, धुरा काऊन फोडलास?”

“मी कायले फोडू, मास्तर? कुठं फोडला, दाखवा ना!”

दाखवता आलं नाही. रात्री फोडून पहाटे बुजवला असणार, असं मी ठरवून टाकलं. बोलणं बंद झालं. मंडळीत काहींना माझं पटलं, काहींना त्याचं.

नाताळाच्या आधी प्रभुभोजनाचा रविवार आला. आमच्याकडे रीत आहे — भाकर घेण्याआधी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्यापाशी जायचं, हात धरायचा. बहुतेक लोक, ज्याच्याशी काहीच बिनसलेलं नाही त्याच्याकडेच जातात. ते सोपं पडतं. मी उठलो. मधली वाट ओलांडली, दानियलचा हात धरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, “दानियल, धुऱ्याचं मी तुला माफ केलं.”

बायका रडल्या. पाळकसाहेब गोंदियाचे, त्यांना हिंदीतच भरून आलं — “भाइयो-बहनो, इसको बोलते हैं क्षमा!” दानियल माझ्याकडं बघत राहिला. ‘मी फोडलोच नाही’ असं तो त्या क्षणी म्हणाला असता, तर कसा दिसला असता? मास्तर माफ करतात आणि हा अजून नाकारतो! तो एवढंच म्हणाला, “बरं, मास्तर.”

त्याच्या बाजूचे जे होते, तेही त्या दिवशी माझ्या बाजूला आले. माफी मिळाली, म्हणजे गुन्हा झालाच असणार — नाही का?

इथपर्यंतचं मी गैरसमज म्हणून खपवू शकलो असतो. सांगायचं आहे ते पुढचं.

पुढच्या पावसाळ्यात मी धुऱ्यावर उभा होतो आणि डोळ्यांदेखत भरलेली बांधी उतरू लागली. गवत बाजूला केलं. खेकड्याचं बीळ. जुनं, मनगट सहज जाईल एवढं रुंद; माझ्या बाजूनं शिरून पलीकडे दानियलच्या बांधीत उघडणारं. गेल्या साली मी धुरा फोडल्याची खूण शोधत होतो, भोक शोधतच नव्हतो. खेकडा तोंडाशी आला, मला बघितलं आणि परत आत गेला. त्याला माझ्या माफीची गरज वाटली नसावी.

आणि मी काय केलं? चिखलाचा गोळा बिळात कोंबला, टाचेनं दाबला, आणि कुणी बघितलं तर नाही ना, म्हणून चारी बाजूंना पाहिलं.

त्याच वर्षी मंडळीचे पंच निवडायचे होते. कुणीतरी दानियलचं नाव घेतलं. लगेच दुसरा म्हणाला, “जो शेजाऱ्याचं पानी पळवते, त्याले पंच करता?” सगळे माझ्याकडं वळले. दानियलही. एक वाक्य पुरलं असतं. मी हसलो आणि म्हणालो, “जाऊ द्या ना रे. मी तर त्याला केव्हाच माफ केलंय.”

केवढं मोठं मन! दानियलचं नाव तिथंच पडलं. पुन्हा कधी कुणी घेतलं नाही.

का केलं असं? लाज वाटली — हो. पण ती अर्धीच गोष्ट. खरं म्हणजे मला ती जागा आवडू लागली होती. माफ करणारा उभा असतो, दुसऱ्याला मान वर करून बघावं लागतं. तिथून खाली उतरायचं, त्याच मधल्या वाटेनं जायचं आणि दानियलकडं माफी मागायची? माफीवर घरोघरच्या प्रार्थनेत मी बोललो आहे, चांगलं बोललो आहे. दानियलही ऐकायला बसलेला असायचा.

गेल्या महिन्यात प्रभुभोजनाला दानियल स्वतः माझ्यापाशी आला. आता त्याचे गुडघे दुखतात. बाकं धरत धरत आला. माझा हात धरून हळूच म्हणाला, “मास्तर, पोरगी इचारत होती, बाबा, खरंच फोडला होता का धुरा? मी आठवून राहिलो, आठवून राहिलो... लय वरसं झाली. सारेच म्हणतेत, त फोडलोच असन मी. माफ करजा.”

मी त्याचा हात दाबला. म्हणालो, “केलं रे. केव्हाच केलं.”

मग भाकरीचं ताट आलं. मी माझा तुकडा घेतला आणि ताट दानियलच्या हातात दिलं.