ऋतिकाताईची सावड

निमोण्यात बातमी फिरली ती अशी, की ऋतिकाताईला डेन्मार्कवाल्यांनी हाकलून दिलं. "इंग्रजी जमंऽना तिला," बापूसाहेब डेअरीवर म्हणाले, तेही नाकातनं, दुधाच्या कॅनवर हात ठेवून. त्यांचं ते "जमंऽना" मला फार आवडतं; गावातल्या सगळ्यांच्या नकला करायची मला खोडच आहे.

खरं एवढंच. ताई, म्हणजे माझी चुलतबहीण, पुण्यात शेतकी कॉलेजला आहे. कॉलेजनं तिला एका सत्रापुरतं तिकडच्या विद्यापीठात पाठवलं होतं. सत्र संपलं, ती आली. पण परदेशी गेलेलं माणूस इतक्यात आपल्या पायांनी परत येतं, हे गावाला पटेना.

तिकडचं ती थोडंच बोलली, शेवंती तोडता तोडता. "आपल्याकडं एसटीची वाट बघत उभं राह्यलं तरी तिघं विचारत्यात, कुठं निघालीस? तिथं कुणी विचारत न्हाई. आधी लई मोकळं वाटलं. मग वाटाय लागलं, मी दिसतीय ना ह्यांना?" जरा थांबून म्हणाली, "पण वर्गात सर विचारायचे, तुझं मत काय? मी म्हणायचे, पुस्तकात असं दिलंय. ते म्हणायचे, पुस्तक मी वाचलंय, तू तुझं सांग. माझं मत हुडकण्यातच निम्मं सत्र गेलं."

शेजारची स्नेहल तिच्याच कॉलेजात, एक वर्ष मागं. यंदा अर्ज करायची पाळी तिची. पण तिचे वडील, सुदर्शनकाका, अफवा ऐकून म्हणाले, "ऋतिकाचं काय झालं बघितलं ना? तू न्हाई जायचं." आपल्यामुळं स्नेहल अडली, हे ताईला फार लागलं.

आमचे आजोबा, सोपानआबा, डेअरीवर समजावायला गेले. "बापूसाहेब, आपण सावड करतोच की. आज आपली माणसं त्यांच्या रानात, उद्या त्यांची आपल्या रानात. तसंच हाय हे, पोरांच्या शिक्षणाचं."

"व्हय का आबा? मंग सावड फेडायला गोरी कवा येतीय?"

सगळी डेअरी हसली. मीही हसले.

आणि जानेवारीत गोरी आली! त्याच विद्यापीठातली मारेन नावाची मुलगी, ताईच्या कॉलेजात एका सत्रासाठी. एका रविवारी ताईनं तिला शिक्रापूरच्या ट्रकांच्या गर्दीतनं काढून थेट आमच्या रानात आणलं. आबांनी शेवंती तोडायला तिच्या हातात पाटी दिली. बघायला बांधावर अर्धं गाव. सुदर्शनकाकाही होते.

मी ताईच्या कानात म्हटलं, "काका काय बधायचे न्हाईत. लाव पैज."

"लावली. हरलीस तर महिनाभर त्यांची नक्कल बंद."

काका पुढं झाले. "हिला विचार ऋतिका, एवढ्या लांब बापानं सोडलं कसं?"

मारेन बोलली, ताईनं मराठीत सांगितलं, "न्हाईच म्हणत होते. आठवडाभर बोलले न्हाईत. मग विमानतळावर सोडायला आले, आन् गाडी लावायला जागा मिळंना म्हणून माझ्यावरच ओरडले."

काका हसले नाहीत. मारेनच्या पाटीत कळ्याही तोडलेल्या होत्या, त्या एकेक वेचून बाजूला काढत बसले. संध्याकाळी आमच्या दारात आले. "ऋतिका, स्नेहलचं ते कवा भरायचं असतंय?"

झालं, मी पैज हरले. आता महिनाभर काकांची नक्कल बंद. आणि काका कालपासून फोनवर पाहुण्यांना खणखणीत आवाजात सांगतायत, "आमची स्नेहल डेन्मार्कला निघाली!" अजून अर्जसुद्धा भरलेला नाही.