बुधवारच्या खुर्च्या

माझी आत्या टेलिफोन ऑपरेटर होती. निवृत्त झाल्यावर ती घरी बसेल आणि ऑफिसातून दमून आलेल्या एकट्या भाचीला आयतं गरम जेवण मिळेल, असा माझा साधा हिशोब होता. तो साफ चुकला. आत्या जाऊन रमली ती सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत, आणि मी आपली रोज कुलूप उघडून थंड जेवण पुढ्यात घेऊन बसायची.

त्या खोलीत पूर्वी नाच शिकवायचे, म्हणून तिची एक भिंत नुसत्या आरशांची होती. ती शाळा बंद पडल्यावर सायकलवाल्याने खोली गल्लीतल्या लोकांना वापरायला देऊन टाकली. संध्याकाळी खिडकीतून ऊन यायचं, आरशात शिरायचं आणि समोरच्या भिंतीवर पाण्यासारखं हलत राहायचं. खालून कुणीतरी नव्या घंट्या वाजवून बघत असायचं. मी एकदा तिथे आत्याची वाट बघत बसले आणि चक्क डोळा लागला. उठले तेव्हा क्षणभर मला माझं नावसुद्धा आठवेना, आणि त्याचं काही वाईटही वाटेना.

रोज वेगळी मंडळी यायची. मंगळवारी फाटके कपडे आणि बिघडलेले पंखे घेऊन दुरुस्तीवाले. गुरुवारी पादचारी, म्हणजे शाळेजवळच्या चौकात हिरवा दिवा जरा जास्त वेळ राहावा म्हणून अर्ज करून करून थकलेली म्हातारी माणसं. आत्या दोन्हीकडे होती. आणि बुधवार गाणाऱ्यांचा. हे सगळे बस चालवून निवृत्त झालेले. एके काळी कुठलाही मोर्चा त्यांच्या गाण्याशिवाय निघत नसे.

खोलीचा नियम एकच होता. आपलं काम झालं की पुढच्या मंडळींसाठी खोली मांडून जायची. त्यांना लागतील तशा खुर्च्या, झाकून ठेवलेलं पाणी, पुसलेला फळा. आणि मांडल्यावर थांबायचं नाही. तोंडावर आभार मानायला लागलं की उपकार सुरू होतात, असं ज्यांनी नियम केला त्यांचं म्हणणं होतं. मला हा तेव्हा शुद्ध आगाऊपणा वाटायचा. दोन माणसं भेटली तर काय आभाळ कोसळणार आहे?

तर मंगळवारी आत्या गाणाऱ्यांसाठी अर्धगोलात खुर्च्या मांडायची, आणि गुरुवारी गाणाऱ्यांनी मांडलेल्या खुर्च्यांवर येऊन बसायची. एकदा ती आपली उशी तिथे विसरली. पुढच्या गुरुवारी ती उशी वारा न लागणाऱ्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर होती. फळ्यावर पादचाऱ्यांनी चौकाचा नकाशा काढला होता. बाकीचा फळा लख्ख पुसलेला, पण नकाशाला बोट लागलेलं नव्हतं. आत्याला खिडकी अर्धी उघडी आवडते हे तर घरात मलाही माहीत नव्हतं. तिथे ती दर गुरुवारी अर्धी उघडी असायची. आत्या घरी येऊन हे सांगायची आणि सांगता सांगता गप्प व्हायची. मी मान हलवायची आणि जेवायची. मला काय ठाऊक पाणी कुठे मुरतंय ते!

मग तो रविवार आला. रविवारी सगळ्या मंडळींची बैठक असते. नवा झाडू कसला घ्यावा यावर अख्खी दुपार घालवणारी ही माणसं, पण त्या दिवशी मी आत्याबरोबर गेले तर सगळे गंभीर होते. पलीकडच्या रस्त्यावरची मोठी इमारत मालक रिकामी करायला निघाला होता. भाडेकरू जिन्यात जमले की त्याची माणसं हाकलून लावायची. लोकांना एकत्र बसायला चार भिंती हव्या होत्या, आणि बहुतेकांना सुट्टी बुधवारी. भाडेकरूंपैकी एक बाई आली होती, कडेवर पोर घेऊन. ती म्हणाली, "एकत्र बसलो नाही तर एकेकाला गाठून घर सोडायच्या सह्या घेतील हो ते."

कुणीतरी विचारलं, "बुधवारी हल्ली किती जण येतात?"

सगळ्यांनी आत्याकडे बघितलं.

"येतात की," आत्या म्हणाली, आणि तिचे कान लालबुंद झाले.

घरी येताना मी तिला धरलंच. तेव्हा कुठे कळलं की गाणारे एकेक करून गळाले होते. कुणी गाव सोडलं, कुणी अंथरूण धरलं, कुणी गेलंच. आत्या अजूनही सगळ्या खुर्च्या मांडायची, पण गुरुवारी बघावं तर विसळून पालथा घातलेला ग्लास एकच ओला असायचा.

"म्हणजे एका माणसासाठी तू बुधवार अडवून धरलायस? त्या पोराबाळांवाल्यांना जिन्यात बसवून?"

"हो," आत्या म्हणाली. "मला तो आवडतो."

रस्त्याच्या मधोमध! ज्याचं तोंड पाहिलेलं नाही तो माणूस! मी हसणार होते, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मुकाट्याने चालत राहिले.

रात्रभर तळमळली असणार, कारण सकाळी तिने स्वतःहून फोन करून बैठकीतल्या लोकांना खरं काय ते सांगितलं. पण नियम असा की कुणाचा दिवस काढून घ्यायचा नाही. ज्यांचा आहे त्यांनीच तो सोडायचा. आणि विचारायला जायचं ते मांडणाऱ्याने. म्हणजे आत्यानेच.

बुधवारी तिच्या दुखऱ्या गुडघ्यामुळे मी तिला हाताला धरून वर नेलं आणि बाहेर जिन्यात बसले. दार लोटलेलं होतं. थोड्या वेळाने एक उंच, जरा वाकलेला माणूस मला ओलांडून आत गेला. आणि आतून त्याचा आनंदलेला आवाज आला.

"अरे वा! तुम्ही गायला आलात?"

आत्याचं सोमवारपासून पाठ केलेलं सगळं भाषण गेलं कुठे कोण जाणे.

"नाही हो," ती म्हणाली. "मी तुमचा बुधवार मागायला आलेय." मग तिने भाडेकरूंचं सगळं सांगितलं.

"घ्या की," तो म्हणाला. "विचारायचं काय त्यात? मी तर केव्हाच थांबलो असतो. एकट्याने खालचा सूर धरायचा आणि वरचे सूर मनात ऐकायचे. वेडेपणाच आहे. पण कुणीतरी इतक्या आपुलकीने खुर्च्या मांडून जायचं. त्या माणसाला कसं सांगणार, की बाबा, आता कुणी येत नाही?"

मला जिन्यातून ओरडावंसं वाटत होतं.

"त्यांना माझ्यातर्फे सांगाल का?" तो म्हणाला. "की मी त्यांना फसवलं. बिचारे सगळ्या खुर्च्या मांडत राहिले."

"त्यांना माहीत होतं," आत्या म्हणाली. "ग्लास एकच ओला असायचा."

खाली एक घंटा वाजली, परत वाजली. खोलीत ऊन हललं असावं, कारण दाराच्या फटीतला उजेड माझ्या पावलांवरून पुढे सरकला. तेवढ्या वेळात त्या माणसाला सगळं उमगलं असणार.

"मग गुरुवारी त्या कोपऱ्यात..."

"मीच बसते."

दोघं हसायला लागली. आधी हळू, मग इतक्या मोठ्याने की खालून सायकलवाला बघायला वर आला. मी त्याला हातानेच थोपवलं आणि त्याच्याच रुमालाने नाक पुसलं.

आता बुधवारी खोलीत पाय ठेवायला जागा नसते. मोठी माणसं कागदपत्रं वाचतात, पोरं आरशापुढे तोंडं वेडीवाकडी करतात. इमारतीचं घोंगडं अजून भिजत पडलंय, पण एकट्याने सही कुणी केलेली नाही. त्यांच्यासाठी मंगळवारी खोली मांडतात ती ही दोघं, आणि काय भांडतात! आत्याला गोल हवा, बसवाल्याला रांगा. तिने मांडायचं, त्याने हलवायचं, तिने पुन्हा ओढायचं. इतकी वर्षं न बोलता जमलेली माणसं, पण बोलायला लागल्यापासून एका खुर्चीवर एकमत होईल तर शपथ.

काल त्या कलकलाटाने माझं डोकं उठलं. "आत्या, एवढा ताप होतो तर तू एकटीच मांड ना," मी म्हटलं.

"एकटीने खूप मांडल्या गं," आत्या म्हणाली. "आता मला कुणीतरी 'नाही' म्हणायला हवंय."